युटिकाला जायचं ठरतंय, घर घ्यावं का? सगळे म्हणतायत तिकडे नुसते रेफ्युजी आहेत

एडिसनचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

बायको डॉक्टर आहे, जूनमध्ये रेसिडेन्सी संपतेय. व्हिसा जे-वन, म्हणजे एकतर दोन वर्षं भारतात परत जा नाहीतर जिथे डॉक्टर जायला मागत नाहीत तिथे तीन वर्षं काढा. तर दोन ऑफर हातात आहेत, एक नॉर्थ डकोटात, जिथे विमानतळ शोधायला नकाशा दोनदा मोठा करावा लागला, आणि दुसरी अपस्टेट न्यूयॉर्कात युटिकाला. मी घरूनच काम करतो त्यामुळे मला कुठेही चालतं. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाईल.

फेब्रुवारीत दोन दिवस जाऊन आलो. खरं सांगतो, डोकं चक्रावलं. मेन रोड जेनेसी स्ट्रीट, काय एकेक दगडी इमारती आहेत, कधीकाळी पैसा असणार गावात, पण मधेच दोन-तीन दुकानं बंद, काचेला आतून पेपर लावलेले. पूर्वेकडच्या एका गल्लीत गेलो तर ओळीने चार घरं नवी कोरी रंगवलेली, कठड्याला पितळी नक्षी वगैरे, पाचवं घर जळकं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि सहावं पुन्हा चकाचक. हे असं का ते कळेना. किमती मात्र ऐकून मी दोनदा विचारलं, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तेवढ्यात गॅरेज येईल. एजंट बाईंना विचारलं एरिया कसा आहे, तर म्हणाल्या कायद्याने मी त्यावर काही बोलू शकत नाही, तुम्हीच रात्री नऊला एक चक्कर मारून बघा.

इकडे कोणाला सांगितलं की एकच रेकॉर्ड, "अरे ते तर रेफ्युजींचं गाव, तिकडे कुठे पोरीला नेतोस". मी तसा विचार करणारा नाही, निदान नसावा असं वाटतं, पण एक प्रश्न मलाही पडलाय आणि तो चांगल्या हेतूने विचारतोय. जे शहर आधीच पडकं झालंय, नोकऱ्या गेल्यात, तिथेच बाहेरून आणखी गरीब माणसं आणून बसवायची यात लॉजिक काय? आणि आमच्यासारख्याने तिथे घर घ्यावं का तीन वर्षं भाड्याने काढावीत?


मोहॉककाठी

पाहुणे, या. मी २००४ पासून या भागात आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे हे गाव रेफ्युजी यायच्या आधीही बाहेरच्यांचंच होतं. ईरी कालवा १८२५ ला पूर्ण झाला आणि युटिका बरोबर त्याच्या वाटेवर, मग कापडाच्या गिरण्या निघाल्या. वेल्श आले, आयरिश आले, जर्मन, मग इटालियन तर झुंडीने, पोलिश, लेबनीज. पूर्व युटिका म्हणजे पक्की इटालियन पेठ. तुम्ही तिकडच्या बेकरीत गेला असाल तर टोमॅटो पाय खाल्ला असेल, म्हणजे चीज जवळपास नसलेला गार पिझ्झा, पहिल्यांदा खाताना वाटतं कालचा उरलेला दिलाय, सहा महिन्यांनी त्याच्याशिवाय करमत नाही.

मग आपल्या गिरणगावासारखंच झालं, फक्त इथे संप न होता. गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्या कारण तिथे मजूर स्वस्त. त्यांच्या जागी जनरल इलेक्ट्रिक वगैरे आले, तेही नव्वदच्या दशकात गेले, आणि शेजारच्या रोम गावातला ग्रिफिस हवाई तळ १९९५ ला बंद झाला. तो घाव मोठा होता. १९६० ला शहरात लाखाच्या वर माणसं होती, २००० च्या जनगणनेत साठ हजार सहाशे. चाळीस वर्षांत दहातली चार माणसं गेली. जुने लोक सांगतात त्या काळात गाड्यांवर स्टिकर असायचं की शेवटी जो निघेल त्याने दिवे बंद करून जावं.

आता तुमचं जळकं घर. माणसं जातात, घरं जात नाहीत. विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही, टॅक्स मात्र दरवर्षी भरा. मग लोकांनी विम्याच्या पैशासाठी घरं पेटवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात इथे आगी हा रोजचा विषय होता. लाकडी घरं, दोन घरांत हातभर अंतर, एक पेटलं की शेजारचंही गेलं.

आणि नेमक्या त्याच वेळी, १९९३ पासून पुढे, बोस्नियाचे लोक यायला लागले. इथे निर्वासितांचं केंद्र त्याच्या बरंच आधीपासून होतं, व्हिएतनामवाले, रशियातले पेंटेकोस्टल ख्रिश्चन वगैरे ऐंशीच्या दशकातच येत होते. पण बोस्नियन हजारोंनी आले. लढाईतून आलेली माणसं, पण त्यात गवंडी होते, सुतार होते, मशिनिस्ट होते. त्यांनी बघितलं की इथे आख्खं दुमजली घर एका जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास मिळतंय.

मी २००६ ला असंच एका बोस्नियन माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. तो रात्रपाळीला सर्जरीची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात, सकाळी सातला यायचा, चार तास झोपायचा आणि दुपारी दोन मेव्हण्यांना घेऊन छपरावर. एका उन्हाळ्यात तिघांनी जुनं छप्पर उतरवून नवं घातलं, कंत्राटदार नाही, कर्ज नाही, पत्र्याच्या डब्यात साठवलेले पैसे. तळघरात दुसरं स्वयंपाकघर होतं, ते आधीच्या इटालियन मालकिणीने टोमॅटोचा सॉस करून बरण्या भरायला बांधून घेतलेलं. तिच्याच शेगडीवर ही बोस्नियन बाई सप्टेंबरात पोतंभर लाल मिरच्या भाजून आयवार, म्हणजे त्यांची चटणी, करायची, आणि वर माझे कपडे आठवडाभर त्याच वासाचे. ती इटालियन म्हातारी मुलाकडे फ्लोरिडाला गेली होती, एकदा घर बघायला आली, तळघरात उतरली आणि बरण्या बघून रडायलाच लागली. मग दोघी खाली बसून कॉफी प्यायल्या, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, मी वरून पाय न वाजवता बसलो होतो.

तर तुमच्या लॉजिकच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की गरीब माणसं पडक्या गावातच आणून बसवता येतात, कारण तिथेच रिकामी घरं असतात. एडिसनमध्ये कोण परवडून घेईल? पडणं हेच या गावाचं भांडवल होतं. ओळीतली ती चार रंगवलेली घरं त्यातलीच, आणि कठड्याला नक्षी दिसली म्हणजे बोस्नियन असणार हे मी इथे बसून सांगतो.

सिटी हॉलच्या शेजारी मिनार दिसला का? ते मेथडिस्ट चर्च होतं, बंद पडलेलं, पाडायच्या यादीत लागलेलं. २००८ च्या सुमारास बोस्नियनांनी घेतलं आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करून मशीद केली. २०२० च्या जनगणनेत शहर पासष्ट हजारांवर आलं. फार नाही, पण पन्नास वर्षं उतरत चाललेला आकडा वर फिरला.

घर घ्या. पण भाड्याने एक हिवाळा काढून मग घ्या.


हिशेबनीस

मोहॉककाठी, प्रतिसाद सुंदर, डोळ्यांत पाणी वगैरे आलं. आता जरा हिशेब.

मी बफेलोला बारा वर्षं आहे, आमच्याकडेही हेच, वेस्ट साइडला बर्मी, सोमाली. मी विरोधात नाही, पण हा "निर्वासितांनी शहर वाचवलं" सिनेमा मला पचत नाही. एक तर, ते आले म्हणून गेलेले कारखाने परत आले नाहीत. जे काम मिळतं ते कसलं? कोंबड्या कापायचे प्लांट, हॉटेलात चादरी बदलणं, युटिकाजवळच्या वेरोनाच्या कसिनोत भांडी, पॅकिंग. लोकांना वाटतं सरकार यांना पोसतं. खरं म्हणजे पहिले नव्वद दिवस संस्था घर, भांडी, शाळा, सोशल सिक्युरिटी कार्ड यांचं बघते, पुढे रोख मदत काही महिने, आणि त्याआत नोकरी धरा. येतानाचं विमानाचं तिकीटसुद्धा उधार असतं, बिनव्याजी, पण सहा महिन्यांच्या आत हप्ते सुरू. कॅम्पमध्ये पंधरा वर्षं काढलेला माणूस इथे उतरतो तो चार-पाच तिकिटांचं कर्ज घेऊन.

दुसरं, खर्च कोणावर पडतो? परवानगी वॉशिंग्टन देतं, पोरं शाळेत इथे येतात. तुमच्या युटिकाच्याच प्रॉक्टर हायस्कूलमध्ये चाळीसच्या वर भाषा बोलतात. छान वाटतं ऐकायला, पण दुभाषे आणि इंग्रजीचे शिक्षक कोणाच्या टॅक्समधून? आणि त्याचा परिणाम काय झाला तेही सांगा ना पाहुण्यांना. २०१५ ला शाळा प्रशासनावर केस झाली होती, की सतरा ते वीस वर्षांच्या निर्वासित मुलांना हायस्कूलमध्ये दाखलच करून घेत नव्हते, वेगळ्या इंग्रजीच्या वर्गाला धाडायचे जिथे शेवटी डिप्लोमा नाही. राज्याच्या कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेचा हक्क आहे. २०१६ ला तडजोड करावी लागली. म्हणजे मिठी मारणारं गाव वगैरे ठीक आहे, पण पैसे कमी पडले की गावही दार अर्धं लावतं.

तुमच्याच शेजारच्या हॅमिल्टन कॉलेजच्या प्राध्यापकांनी २००० साली हा हिशेब मांडला होता, सुरुवातीची बरीच वर्षं खर्च जास्त आणि मग हळूहळू पारडं फिरतं. फिरतं हे मान्य. पण ती मधली वर्षं ज्याच्या प्रॉपर्टी टॅक्सवर जातात त्या म्हाताऱ्या इटालियनाला विचारा, तो रागावला तर लगेच त्याला रेसिस्ट म्हणू नका. एवढंच.


एडिसनचा_पाहुणा

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, दोघांचे आभार. हिशेबनीस, शाळेचं वाचून बायकोचा चेहरा पडला. पहिलीच्या मुलीला काय फरक पडेल? आणि मोहॉककाठी, तुम्ही आता कुठे राहता, तिथेच का? म्हणजे तुमच्या गल्लीतच बघतो घर. :)


सुकट_आणि_भाकरी

मी इथे आठवड्यातून दोन संध्याकाळ इंग्रजी शिकवते, फुकट, नवरा म्हणतो घरी मला मराठी बोलायला वेळ नाही आणि जगाला इंग्रजी शिकवतेस. सहा वर्षं झाली. मूळची वेंगुर्ल्याची.

हिशेबनीस दादा, तुमचे आकडे खोटे नाहीत, पण "कसलं काम" असं जे म्हणालात ना ते माझ्या वर्गात बसून म्हणा. माझ्याकडे एक बाई होती, करेन जमातीची, बर्मातली, थायलंडच्या कॅम्पात तिची तीन मुलं जन्मली. तिला पहिला चेक मिळाला तेव्हा तो तिने वर्गात आणला, बँकेत टाकायच्या आधी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आणि म्हणाली यावर माझं नाव कुठे लिहिलंय ते दाखव. मी बोट ठेवलं, तिने त्याखाली बघून बघून वहीत दहा वेळा लिहून काढलं. त्या दिवशी धडा होता बाजारहाटाचा, तो राहिला तो राहिलाच. ती दहीवाल्या कारखान्यात जाते, चोबानीच्या. त्याचा मालक हमदी उलुकाया, तुर्कस्तानातला कुर्द, त्याने २००५ ला क्राफ्टने बंद केलेला जुना प्लांट इथून दक्षिणेला घेतला. कामाला माणसं मिळेनात आणि युटिकात माणसं आहेत पण गाड्या नाहीत, लायसन्स नाही, भाषा नाही, तर त्याने बस लावली आणि दुभाषे ठेवले. एवढं साधं होतं ते. आता २०२५ ला त्याच कंपनीने रोमला, त्या बंद झालेल्या हवाई तळाच्या जागेवर, एकशेवीस कोटी डॉलरचा कारखाना जाहीर केलाय, हजारावर नोकऱ्या म्हणतायत. तेव्हा "कारखाने परत आले नाहीत" हे थोडं दुरुस्त करून घ्या. माणसं आहेत म्हणूनही कारखाने येतात.

आता पाहुण्यांसाठी माझ्या कामाचा मुद्दा. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल की इथे अंबाडी मिळते. खरीखुरी अंबाडी, लाल देठांची! बर्मी लोक अंबाडीशिवाय जेवत नाहीत, आपण तूप-लसणाची फोडणी देतो तसं ते सुकी कोळंबी घालून करतात. मला पत्ता लागला तो असा, ऑगस्टमध्ये रस्त्याने जाताना एका रिकाम्या प्लॉटवर, जिथलं घर पाडलेलं होतं आणि पायाचे दगड अजून दिसत होते, तिथे एक आजी वाकून पानं खुडत होती. गाडी थांबवली. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही, मी एक पान तोडून चावलं, आंबट, आणि मी इतकी ओरडले की आजी घाबरलीच. मग तिने आपल्या ओढणीसारख्या कापडात भरून दिली एवढी, पैसे घेईना. दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन गेले तर तिने चाखून मान हलवली, चेहऱ्यावरून कळलं की तिच्या मते सुक्या कोळंबीशिवाय ह्यात काही अर्थ नाही. तिच्या सुनेच्या दुकानात सुकट मिळतं, जवळासुद्धा. वेंगुर्ल्यानंतर तो वास मला थेट युटिकात आला, आणि पाहुणे, त्यासाठी सिराक्यूजच्या इंडियन स्टोअरला तासभर गाडी हाणायची गरज नाही.

पहिलीच्या मुलीला फरक पडेल, हो. तिच्या वर्गात सगळ्यांनाच नाव दोनदा सांगावं लागतं, त्यामुळे तिचं नाव कोणी बिघडवून हसणार नाही. माझ्या मुलाला आधीच्या गावात, नाव सांगत नाही, चार वर्षं सगळे चुकीच्याच नावाने हाक मारत होते, शाळेसकट.


कॅम्प_नंबर_चार

अवांतर आहे, पण राहवलं नाही. मी उल्हासनगरची, सिंधी, पण शाळा मराठी त्यामुळे इथे येऊन वाचते. :)

आमची नानी १९४८ ला शिकारपूरहून आली, कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात, दुसऱ्या महायुद्धातल्या बराकी होत्या त्या. एका बराकीत मधे साड्या बांधून अनेक कुटुंबं. बाहेरचे लोक तेव्हाही तेच म्हणायचे, एडिसनवाले म्हणतात तेच, की तिकडे नको जाऊ, निर्वासितांची वस्ती आहे. अजूनही "कॅम्प" म्हणतात आम्हाला, गावाला नाव १९४९ ला मिळालं तरी. पुढे तिथेच सगळं बनायला लागलं, मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद तुम्ही सगळ्यांनी केला असेल, आम्हीही करतो, पण त्या विनोदात थोडा डंख असतो हे तुम्हाला कळतं का माहीत नाही.

नानीची एक गोष्ट. बराक मिळाली तेव्हा तिने पहिलं काय केलं तर दाराला कडी बसवून घेतली. आत चोरण्यासारखं काही नव्हतं, एक ट्रंक आणि पिठाचा डबा. पण कडी पाहिजे. मोहॉककाठींच्या त्या छपरावरच्या माणसाचं वाचून मला ती कडी आठवली.


हिशेबनीस

कॅम्प चार, तुमच्या नानीला नमस्कार. पण एक फरक आहे. उल्हासनगरला मुंबई होती बाजूला, लोकल होती, माल बनवा आणि विका. युटिकाच्या बाजूला काय आहे? शेतं आणि गाई. म्हणून तर दुसरी पिढी टिकत नाही. बोस्नियनांची शिकलेली पोरं शार्लट, अटलांटा, फ्लोरिडा, जिथे नोकरी तिथे गेली. इटालियनांची गेली तशीच. मग घरं पुन्हा रिकामी आणि पुन्हा नवे निर्वासित पाहिजेत. आणि आता तर नळच बंद झालाय, २०२४ च्या आर्थिक वर्षात देशात लाखभर आले होते, जानेवारी २०२५ ला कार्यक्रम थांबवला आणि २०२६ साठी मर्यादा ठेवलीय साडेसात हजार, आख्ख्या देशाला. तुमच्या शहराचं गणित ज्या पाण्यावर चालतं त्याचा कॉक वॉशिंग्टनच्या हातात आहे. घर घेताना हा विचार केला का कोणी?

चोबानीची दुरुस्ती मान्य. बसचं मला माहीत नव्हतं.

आणि मोहॉककाठी गप्प का? पाहुण्यांनी विचारलंय, तुम्ही राहता कुठे?


मोहॉककाठी

राहतो न्यू हार्टफोर्डला. झालं समाधान?

म्हणजे शहराला लागून असलेलं सबर्ब, पाहुणे, जिथे सगळे डॉक्टर राहतात, सगळे देशी राहतात, आणि जिथे तुमच्या बायकोचे सगळे सहकारी तुम्हाला पहिल्या दिवशी घर बघायला सांगतील. मोठा मुलगा पाचवीत गेला तेव्हा आम्ही शिफ्ट झालो. कारण शाळा. बायको म्हणाली, मी नाही म्हणालो नाही. मी वर जे एवढं भरभरून लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि हेही खरं आहे. त्या बोस्नियन घरमालकाला सांगायला गेलो तेव्हा मला लाज वाटत होती, तर तो म्हणाला मीही बघतोय तिकडेच, पुढच्या वर्षी. आणि गेला तो. आता माझ्यापासून दोन रस्ते पलीकडे राहतो, पूर्व युटिकातलं घर त्याने एका काँगोच्या कुटुंबाला भाड्याने दिलंय. तळघरात काय शिजतं ते मला माहीत नाही, पण सप्टेंबरात तो स्वतः मिरच्या भाजायला अजूनही तिथेच जातो, कारण न्यू हार्टफोर्डात धूर केला की शेजारी फायर ब्रिगेडला फोन करतात.

नळ बंदचं तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पोरं जातात म्हणून घरं फुकट गेली असं नाही हो. त्याचं छप्पर अजून गळत नाहीये, मीच खाली उभा राहून कौलं मोजून वर देत होतो. (कौलं म्हणजे डांबराची शिंगल्स, आपली मंगळुरी नव्हे.)


कोल्हापुरी_चप्पल

कोणी वळिवड्याचा विषय काढेल म्हणून थांबलो होतो. १९४३ ते ४८, कोल्हापूरजवळ पाच हजारच्या आसपास पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-पोरं. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. आमचे आजोबा त्यांना दूध घालायचे आणि दहा-बारा पोलिश शब्द मरेपर्यंत यायचे त्यांना, त्यातला निम्मा हिशेब आणि निम्म्या शिव्या. पण ते स्थायिक झाले नाहीत, गेले सगळे इंग्लंडला वगैरे. काय फरक पडला असता राहिले असते तर, असं कधी कधी वाटतं. बाकी घराचं मला काही कळत नाही, चालू द्या.


सुकट_आणि_भाकरी

पाहुणे, बाकीचे इतिहासात शिरलेत, मी कामाचं सांगते. शहरात घर घेणार असाल तर या गोष्टी बघितल्याशिवाय सही करू नका.

शिसं. हे फार महत्त्वाचं, सहा वर्षांची मुलगी आहे तुम्हाला. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो आणि इथली बहुतेक घरं त्याच्या कितीतरी आधीची. भिंतीपेक्षा खिडक्या बघा, उघड-बंद करताना चौकटीचा रंग घासून भुगा पडतो आणि तो मुलांच्या हाताला लागतो. माझ्या वर्गातल्या दोघींच्या मुलांच्या रक्तात निघालं होतं. कॅम्पातून सुखरूप आली आणि इथे खिडकीने घात केला. घरमालक दोघींनाही म्हणाला होता नुकताच रंग दिलाय. दिला होता, जुन्याच्या वरून.

मग छपराचं वय विचारा, बॉयलर कधीचा ते विचारा, तळघरात मार्च-एप्रिलमध्ये जा, बर्फ वितळतो तेव्हा, पाणी येतं का ते कळेल. तुम्ही फेब्रुवारीत बघितलंत ना, तेव्हा सगळंच कोरडं दिसतं कारण सगळं गोठलेलं असतं. वायरिंग जुनं असेल तर विमावाले नखरे करतात. टॅक्सचा आकडा बघा, घराची किंमत बघून खूश होऊ नका, टॅक्स बघून मग हसा. आणि वर्षाला शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो तेव्हा ड्राइव्हवे लांबलचक असलेलं घर "ऐसपैस" म्हणून घेऊ नका, मी घेतलंय.


एडिसनचा_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी प्रिंट काढून वाचलं, बायकोने पेन्सिलने खुणा केल्या.

ठरलं ते असं. डकोटा नाही, युटिका. एक वर्ष भाड्याने, शहरातच, न्यू हार्टफोर्ड नाही. मोहॉककाठी, तुम्हाला टोमणा नाही, आम्हीही पाचवीपर्यंत तिथे पोचू कदाचित. एजंट बाईंनी एक दुमजली घर दाखवलंय, वर आम्ही, खाली मालक, कठड्याला नक्षी आहे. :) खिडक्या नव्या आहेत आणि शिशाची टेस्ट करून कागद द्यायला तो तयार आहे, मी मागितल्यावर चिडला नाही, उलट म्हणाला बरं झालं विचारलंस, बरेच जण विचारत नाहीत. मागे छोटी जमीन आहे, मालक म्हणाला एक पट्टा तुम्ही वापरा.

ताई, त्या आजींकडून अंबाडीचं बी मिळेल का? आम्ही जूनच्या शेवटी येतोय.


सुकट_आणि_भाकरी

जूनच्या शेवटी बी पेरलंत तर पानं येईपर्यंत थंडी पडेल, उन्हाळा काय तो ऑगस्टपर्यंत आपला. आजी घरात खिडकीशी डब्यांत रोपं करते आणि मे संपला की बाहेर लावते. तुमच्यासाठी सहा-सात डबे जास्त लावायला सांगते. रिकामे दह्याचे डबे असतील तर घेऊन या, मोठे, तिला कमी पडतात.